चित्राची हद्द

छापखान्यात चित्रे येतात ती बहुधा लिफाफ्यातून, आणि तो लिफाफा उघडून त्यातील ऐवज टेबलावर पसरला म्हणजे स्मरणिकेच्या किंवा गौरवग्रंथाच्या संपादक-मंडळाने काय काय सोसले असेल याची पुरती कल्पना येते. कोणा दिवंगत संस्थापकाचे, दातेरी कडांचे, पाठीला आल्बमचा काळा कागद अजून चिकटलेले कृष्णधवल छायाचित्र. लग्नाच्या गर्दीतून कात्रीने कापून काढलेला कोणा देणगीदाराचा चेहरा, ज्याच्या खांद्यावर दुसऱ्याच कोणाचा तरी हात राहून गेलेला आहे. अर्जाला टाचलेले आणि टाचणीसकट उपटून आणलेले एखादे पासपोर्ट फोटोचे चतकोर. आणि ज्याच्या पाठीवर बॉलपेनने इतके दाबून नाव लिहिले आहे की स्कॅनरच्या तिरप्या उजेडात त्या नावाची उलटी अक्षरे थेट त्या गृहस्थांच्या कपाळावर उमटावीत, असे निदान एक तरी. हे सर्व एकाच पुस्तकात, एकाच कागदावर, शक्य तर एकाच पानावर आणि परस्परांशी न भांडता बसवायचे असते.

नव्वदच्या दशकाच्या आरंभी पुण्याच्या नारायण पेठेतील एका छापखान्यात मी संगणकावर पाने लावण्याच्या कामावर रुजू झाले, तेव्हा या उद्योगाला धड नाव नव्हते. मालक मला ‘कॉम्प्युटरवाल्या ताई’ म्हणत, आणि पुस्तकाच्या श्रेयपानावर ‘अक्षरजुळणी’ या एका शब्दात माझा सारा व्यवहार आटोपत असे. वास्तविक अक्षरे जुळवणे हा त्यातला निम्माच, आणि खरे सांगायचे तर सोपा भाग होता. मजकूर स्वभावतः आज्ञाधारक असतो. रकाना रुंद केला की तो पसरतो, अरुंद केला की खाली उतरतो, पान संपले की तक्रार न करता पुढच्या पानावर जातो. चित्र मात्र स्वतःचा आकार घेऊन येते, स्वतःचा मान मागते, आणि ज्याचे ते चित्र असते तो मनुष्य, किंवा त्याचे चिरंजीव, प्रुफाच्या दिवशी समक्ष हजर असतात. चित्र आणि त्याची चौकट या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत, ही एवढीशी गोष्ट ग्राहकाला पटली तर त्या दिवशीच्या निम्म्या तक्रारी उद्भवणारच नाहीत, असे माझे मत आहे. पण ती पटवणे, हेच या धंद्यातील निम्मे काम होऊन बसते.

आमच्याकडे तेव्हा खिळ्यांचा विभाग अगदीच मोडीत निघाला नव्हता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके आणि हँडबिले अजून ट्रेडलवर छापली जात, आणि त्या विभागातील एक वृद्ध जुळारी, ज्यांना मालकांपासून पोऱ्यापर्यंत सर्वजण काका म्हणत, दुपारच्या चहाच्या वेळी माझ्या पडद्यासमोर येऊन, चष्मा कपाळावर चढवून, अत्यंत संशयाने त्याकडे पाहत उभे राहत. चित्राविषयी जे मला ठाऊक आहे त्यातील बरेचसे त्यांच्याकडून आलेले आहे, आणि तेही अशा काळातून आले की जेव्हा चित्र ही वस्तू हाताने उचलता येत असे. रेखाचित्र असेल तर जस्ताच्या आणि छायाचित्र असेल तर तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने कोरलेला ठसा लाकडी ठोकळ्यावर असा ठोकायचा, की पत्रा व ठोकळा मिळून त्याची उंची खिळ्याच्या उंचीइतकी, म्हणजे ०.९१८ इंच, भरावी. ती केसभर कमी भरली तर ठोकळ्याखाली कागदाचे कपटे घालून चित्राला वर उचलावे लागे. ठसे करणारा चौरस इंचाच्या दराने पैसे घेई. मराठी नियतकालिकांना चित्रांची हौस जुनीच आहे; काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा अंक काढून दिवाळी अंकाचा पायंडा पाडला आणि १९४५ साली दीनानाथ दलालांनी ‘दीपावली’ सुरू केला, या दोन साली चित्रांच्या बाजूने झालेला निकाल पुढे कोणी फिरवला नाही. पण पेठेतल्या लहान छापखान्याला त्या हौसेची किंमत चौरस इंचावर मोजावी लागे, आणि म्हणून ठसा करायला पाठवण्यापूर्वी चित्रातले काय ठेवायचे आणि काय गाळायचे याचा निर्णय पक्का करावा लागे. काका छायाचित्रावर पातळ पारदर्शक कागद चिकटवीत, त्यावर शिसपेन्सिलीने चार रेघा ओढीत, आणि समासात माप लिहून खाली सही करीत. ती सही झाली की तो हुकूम झाला; मागाहून कोणी म्हणाले की डावीकडचे झाड हवे होते, तर त्या झाडासाठी नवा पत्रा आणि नवे पैसे.

संगणकाने ही सही रद्द केली. अल्डस कंपनीचे पेजमेकर १९८५ साली मॅकिन्टॉश यंत्रासाठी निघाले, १९९४ साली ते अडोबीकडे गेले, आणि आमच्या पेठांत ते विंडोजवर, श्रीलिपीसारख्या मराठी टंकांच्या जोडीने, घरोघर पोचले. २००१ मध्ये त्याची ७.० ही अखेरची आवृत्ती निघाली, तरी आमच्या गल्लीबोळांत ६.५ चा अंमल त्यानंतरही पुष्कळ वर्षे निर्वेध चालू होता. पेजमेकरात चित्र आणण्याचा विधी साधा होता, पण त्यात एक खोच होती. चित्र जरा मोठे असले की यंत्र विचारी, याची पूर्ण प्रत पुस्तकाच्या फाइलीत ठेवू काय? नको म्हटले, आणि शहाणा मनुष्य नकोच म्हणे, तर पडद्यावर त्या चित्राची एक भरड प्रतिमा दिसे आणि खऱ्या चित्राचा केवळ पत्ता नोंदला जाई. सात-बाराच्या उताऱ्यावर जमिनीची नोंद असते, जमीन नसते, तसाच तो प्रकार. पुस्तकाची फाइल घेऊन कोणी उत्साही गृहस्थ फिल्म काढणाऱ्याकडे जात आणि चित्रांचे फोल्डर घरी विसरत, मग संस्थापकांच्या शताब्दीच्या ग्रंथात संस्थापक चौकोनी ठिपक्यांच्या रूपाने अवतरत. हे टाळण्यासाठी चित्रांना ‘फोटो१’, ‘फोटो नवीन’, ‘फोटो नवीन खरा’ अशी नावे देण्याचा जो सार्वत्रिक प्रघात होता तो मी पहिल्या वर्षीच बंद केला आणि पान क्रमांकावरून नावे देण्याचा शिरस्ता घातला. तो आजतागायत चालू आहे.

त्या काळच्या स्वस्त पुस्तकांची तर गोष्टच निराळी होती. मजकुराची पाने लेझर प्रिंटरवर ट्रेसिंग कागदावर काढायची, चित्राच्या जागी नुसती पोकळ चौकट ठेवून तिच्यात क्रमांक घालायचा, छायाचित्राची फिल्म बाहेरून वेगळी करून आणायची, आणि मग पेस्टिंग करणारा कारागीर, खालून उजेड येणाऱ्या काचेच्या टेबलावर वाकून, ब्लेडने ती फिल्म कापून पारदर्शक चिकटपट्टीने त्या चौकटीत बसवीत असे. कागद साधा असेल तर जाळी भरड, गुळगुळीत आर्ट पेपर असेल तर बारीक; ते गणित फिल्मवाल्याचे. माझ्या हाती राहत असे ती केवळ रिकामी चौकट, आणि आज मागे वळून पाहता मला त्या व्यवस्थेविषयी कृतज्ञताच वाटते. कारण चित्र समोर नसताना, केवळ पानाचा तोल पाहून, इथे साडेतीन इंच रुंद आणि पाच इंच उंच अशी एक जागा असावी असे ठरवण्याची जी सवय तेव्हा लागली, ती पुढे चित्र पडद्यावर स्वच्छ दिसू लागल्यावर लागली नसती. चित्र दिसू लागले की मनुष्य चित्राच्या नादी लागतो आणि पान विसरतो.

पुढे १९९९ साली इनडिझाइन आले, आणि काही वर्षांनी आमच्याकडेही. पेजमेकरच्या शेवटच्या आवृत्त्यांत चौकटीची सोय होती, पण ती कोणी फारशी वापरीत नसे. इनडिझाइनमध्ये मात्र चौकटीवाचून चित्र ही कल्पनाच नाही. तिथे दोन बाण असतात. काळ्या बाणाने धरले तर चौकट हलते आणि चित्र तिच्याबरोबर जाते. पांढऱ्या बाणाने धरले तर चौकट जागच्या जागी राहते आणि तिच्या आतल्या आत चित्र सरकते, लहान होते, मोठे होते, आणि जे चौकटीच्या हद्दीबाहेर जाते ते नष्ट होत नाही, फक्त दिसेनासे होते. नव्या मुलांना शिकवताना पहिला आठवडा मी या दोन बाणांखेरीज काही शिकवीत नसे. कारण शिकाऊ हात पहिली गोष्ट करतो ती ही, की चित्र चौकटीत बसत नाही असे दिसताच कोपरा धरून ओढतो, आणि मग लांबट चेहऱ्याचे प्राध्यापक गोल होतात व सडपातळ मुख्याध्यापिका स्थूल. पोस्टकार्ड आकाराच्या प्रतीचे प्रमाण दोनास तीन, मोबाइलच्या छायाचित्राचे बहुधा तीनास चार, पासपोर्टच्या फोटोचे पस्तीस मिलिमीटरास पंचेचाळीस. ही प्रमाणे एकमेकांत बसत नाहीत आणि ती बळाने बसवायची नसतात, कापून बसवायची असतात. बिंदूंचे गणितही कोणी चुकवू शकत नाही: इंचाला १५० रेषांच्या जाळीने छापायचे तर चित्रात इंचाला ३०० बिंदू असावेत, म्हणजे चार बाय सहा इंचांसाठी १२०० बाय १८०० हवेत, आणि तेच चित्र दुप्पट मोठे केले की ते १५० वर येते. व्हॉट्सॲपवरून वाटेतच आक्रसून आलेल्या छायाचित्रांपुढे हे गणित मांडून काही उपयोग होत नाही, हेही इथे नमूद करून ठेवते.

कार्यकारी मंडळाचे पान ही या धंद्यातील खरी परीक्षा. एका पतसंस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत बारा सभासदांची छायाचित्रे एका पानावर, तीन तीनांच्या चार ओळींत, लावायची होती, आणि अध्यक्षांचे तेवढे किंचितही मोठे करू नका, सर्व समान हवेत, असा स्पष्ट ठराव होता. प्रुफ पाहायला चिटणीस स्वतः आले. त्यांनी खिशातून सहा इंची फूटपट्टी काढली आणि एकेक चौकट मोजली.

“सगळ्या सारख्याच आहेत हो, ताई.”

“मोजूनच केल्यात, साहेब.”

“पण मग खजिनदार अध्यक्षांपेक्षा मोठे दिसतात, ते कसं काय?”

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. खजिनदारांचा फोटो पासपोर्टसाठी काढलेला, म्हणजे हनुवटीपासून केसांपर्यंत चेहऱ्याने बहुतेक चौकट व्यापलेली. अध्यक्षांचा एका सभेतला, लांबून घेतलेला, पुढे ध्वनिक्षेपक, मागे पडदा आणि मध्ये एवढासा चेहरा. चौकटी समान होत्या, माणसे समान नव्हती. अशा पानावर मी चौकटींवरून नव्हे तर डोळ्यांवरून आखणी करते. पानावर आडव्या मार्गदर्शक रेषा ओढायच्या, एक डोळ्यांची आणि एक हनुवटीची, आणि पांढऱ्या बाणाने प्रत्येक चेहरा त्या दोन रेषांच्या मध्ये आणायचा. माप डोळ्यापासून हनुवटीपर्यंत घ्यायचे, डोक्याच्या टोकापर्यंत नव्हे. नाही तर ज्यांच्या डोक्यावर गांधी टोपी किंवा फेटा आहे त्यांचा चेहरा विनाकारण बारीक करावा लागतो आणि टक्कल असलेले गृहस्थ सर्वांहून थोर दिसू लागतात. चौकटीची खालची कड छातीवर यावी, गळ्यावर कदापि येऊ नये. इतके करूनही त्या पानावर एक अडचण उरली, ती अशी की अध्यक्षांचा चेहरा खजिनदारांच्या चेहऱ्याइतका करायचा तर तो तिप्पट मोठा करावा लागला असता आणि ठिपक्यांत विरघळून गेला असता. अध्यक्षांना वर चढवता येत नव्हते, तेव्हा उरलेल्या अकरा जणांना खाली उतरवले: प्रत्येकाचा चेहरा लहान केला, आणि पासपोर्टच्या फोटोंना खांदे पुरेनात तेथे मागचा पडदा थोडा वाढवून घेतला. चिटणिसांनी दुसऱ्या प्रुफावर फूटपट्टी काढली नाही. ‘आता बरोबर’ एवढेच म्हणाले आणि सही करून गेले. त्या सहीला, काकांच्या सहीप्रमाणेच, पुढे कोणी आव्हान दिले नाही.

चौकटीच्या कडेला रेघ ओढावी की ओढू नये, हा प्रश्न दुसऱ्या देशातल्या मांडणीकाराला केवळ रुचीचा वाटेल. मराठी पानावर तो तितका साधा नाही. आपल्या वर्तमानपत्रांनी पिढ्यानपिढ्या पुण्यस्मरणाच्या आणि भावपूर्ण श्रद्धांजलीच्या जाहिराती ज्या जाड काळ्या चौकटीत छापल्या, त्यामुळे तशी चौकट पाहिली की नाव वाचण्याआधीच वाचक मनातल्या मनात ‘कैलासवासी’ म्हणून मोकळा होतो. पेजमेकरमध्ये चित्राभोवती नेमकी रेघ आखून देणारी आज्ञा होती, आणि आमच्याकडील एका नव्या मुलाने एका निवृत्त शिक्षकांच्या अमृतमहोत्सवी गौरवांकात तिचा मुक्तहस्ते उपयोग करून त्यांच्या छायाचित्राला दोन पॉइंट जाडीची काळीभोर चौकट घातली. प्रुफ मालकांच्या टेबलावर पोचण्याआधी काकांच्या हाती लागले. त्यांनी चष्मा डोळ्यांवर आणला, पान लांब धरले, आणि त्या मुलाला अत्यंत सौजन्याने विचारले, “बाळ, हे गृहस्थ हयात आहेत ना?” रेघ तिथल्या तिथे गेली. माझा स्वतःचा नियम असा, की जिवंत माणसाभोवती रेघ नाहीच. छायाचित्राची पार्श्वभूमी पांढरी असेल आणि रेघेवाचून त्याची कड कागदात विरून जात असेल, तर पाव पॉइंटाची, तीही काळी नव्हे, राखी. चेहऱ्याभोवती धुके पसरवणारे, कडा पिसासारख्या विरवणारे, किंवा चित्राखाली सावली पाडून ते कागदापासून उचलल्यासारखे भासवणारे जे अलंकार पुढे संगणकाने फुकट उपलब्ध करून दिले, ते मी ग्राहकाने दोनदा मागितल्याखेरीज देत नाही.

दुसरा प्रश्न नजरेचा. मनुष्य पानाबाहेर पाहत असेल तर वाचकाचीही दृष्टी त्याच्यामागे बाहेर जाते, म्हणून तो आत, मजकुराकडे पाहणारा असावा, हे जगभरचे मांडणीकार मानतात. आणि तसा नसेल तर संगणकावर एका आज्ञेने चित्राची डावी-उजवी बाजू उलटवता येते. हा उपाय मोहात पाडणारा आहे, आणि आपल्याकडे तो हमखास उघडकीला येतो. साडीचा पदर डाव्या खांद्यावरून उजव्यावर जातो, नथ दुसऱ्या नाकपुडीत जाते, कोटाचा वरचा खिसा उजवीकडे येतो, मागच्या फलकावरची अक्षरे उलटतात. आणि यांतले काहीच नसले तरी घरची माणसे म्हणतात की आबांचा तीळ त्या गालावर नव्हता. सर्वांत बिकट प्रसंग मात्र माणसाचा नव्हे, देवाचा. एका छोट्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी नवव्या पानावर, लेखाच्या आरंभी, गणपतीचे एक सुंदर रेखाचित्र दिले होते, आणि सोंड पानाच्या बाहेरच्या कडेकडे वळलेली होती.

“तेवढा फिरवून घ्या ना, ताई. बाहेर बघतोय.”

“नाना, फिरवला तर उजव्या सोंडेचा होईल.”

नाना क्षणभर थांबले. उजव्या सोंडेच्या गणपतीचे सोवळे कडक, आणि ते वाचकांना न विचारता त्यांच्या घरी पाठवणे बरे नव्हे, हे त्यांना वेगळे सांगावे लागले नाही. शेवटी त्या लेखाच्या आधीचा एक मजकूर पानभर लांबवला, लेख नवव्यावरून दहाव्या, म्हणजे उजव्यावरून डाव्या पानावर आला, आणि गणपती जसाच्या तसा राहून आत पाहू लागला. यासाठी एका कवीला दोन कवितांऐवजी तीन कविता छापून मिळाल्या. त्यामागचे खरे कारण त्यांना अद्याप कळलेले नाही.

देवनागरीच्या संगतीत चित्र बसवताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, जी इंग्रजी पुस्तकांवरून शिकता येत नाही. चित्राशेजारी मजकूर असला तर चित्राची वरची कड नेमकी कशाशी जुळवायची? रोमन लिपीत मोठ्या अक्षराचे डोके हे उत्तर तयार आहे. आपल्याकडे ओळीच्या सर्वांत वर वेलांट्या, मात्रा आणि रफार असतात, आणि संगणक आपल्या हिशेबाने त्यांच्याही वरची रिकामी जागा धरून चौकट आखतो. त्याप्रमाणे चित्र लावले तर ते मजकुरापेक्षा वर चढल्यासारखे दिसते आणि का तसे दिसते हे पाहणाऱ्याला उमगत नाही. डोळा मराठीत ओळ पकडतो ती शिरोरेषेला. म्हणून चित्राची वरची कड पहिल्या ओळीच्या शिरोरेषेत आणि खालची कड शेवटच्या ओळीच्या अक्षरांच्या पायाशी, उकारांच्या नव्हे, आणली म्हणजे चित्र आणि मजकूर एकाच जमिनीवर उभे राहतात. हे जुळवण्यासाठी मी पानावर प्रत्येक ओळीच्या शिरोरेषेची अदृश्य जाळी आखून ठेवते, आणि चित्रांच्या उंच्या इंचांत नव्हे तर ओळींत मोजते: सात ओळींचे चित्र, अकरा ओळींचे चित्र.

मजकुराने चित्राला वेढा घालण्याचीही अशीच गोष्ट. चित्र रकान्याच्या मधोमध ठेवून दोन्ही बाजूंनी ओळी सोडण्याची हौस प्रत्येक नवशिक्याला एकदा होते. मराठीत शब्द मध्येच तोडून संयोगचिन्हाने पुढच्या ओळीत नेण्याचा रिवाज नाही, आणि ‘शतकमहोत्सवानिमित्त’ किंवा ‘विश्वस्तमंडळाच्या’ यांसारखा एक शब्द दोन इंचांच्या गल्लीत शिरला की त्या ओळीत दुसऱ्याला जागा उरत नाही. मग दोन्ही कडा सरळ ठेवण्याच्या हट्टापायी शब्दांमध्ये अशी पांढरी भगदाडे पडतात की वाचणाऱ्याला ओळीऐवजी ती भगदाडेच दिसतात. २०१२ साली इनडिझाइनच्या सीएस-६ आवृत्तीत भारतीय लिप्यांची जुळणी अधिकृतपणे आली आणि युनिकोड मराठीची जोडाक्षरे एकदाची जागेवर बसली, परंतु गल्लीची रुंदी वाढवणे त्या कंपनीच्या हाती नाही. चित्र रकान्याइतके रुंद करावे, नाही तर निम्म्याहून अधिक रकाना मजकुराला सोडावा. मधला मार्ग मला आढळलेला नाही.

अलीकडच्या कामांपैकी एकच सांगते. तालुक्याच्या गावातील एका माध्यमिक शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेत पन्नासच्या दशकातील शिक्षकवर्गाचे एक समूहचित्र घालायचे होते: कौलारू इमारतीसमोर खुर्च्यांवर बसलेले आठ, मागे उभे नऊ, डावीकडे रिकामी ओसरी, आणि उजवीकडे, रांगेपासून दोन हात दूर, हातात घंटेचा टोला घेऊन उभा असलेला शिपाई. चित्र रुंद आणि पान अरुंद, त्यामुळे चेहरे मोहरीएवढे येऊ लागले. समोरासमोरच्या दोन पानांवर पसरावे तर शिवणीच्या खाचेत नेमके तेव्हाचे मुख्याध्यापक जात होते. आडवे करून छापावे तर वाचकाने प्रत्येक वेळी पुस्तक फिरवावे, हे मला रुचत नाही. समितीचे प्रमुख, त्याच शाळेतून निवृत्त झालेले सर, माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “दोन्ही बाजूंनी सारखं कापा. उजवीकडचं एवढं गेलं तरी चालेल, त्याचं नाव खाली नाहीच आहे.”

त्यांच्या म्हणण्यात व्यवहार होता. ‘डावीकडून, बसलेले’ आणि ‘डावीकडून, उभे’ अशी ती यादी सतराव्या नावाशी संपत होती, आणि दोन्ही बाजूंनी समान कापले असता मुख्याध्यापक बरोबर मधोमध राहत होते, जे समूहचित्राचे पहिले विधान असते. मी पांढऱ्या बाणाने चित्र मोठे केले, चौकट तशीच ठेवली. उजवीकडची कड सरकत आली, शिपायाचा टोला गेला, हात गेला, मग तो गेला. नंतर दुसरी प्रत केली, जिच्यात सारी कापाकापी डावीकडची, रिकाम्या ओसरीची, होती. तीत चेहरे पहिल्या प्रतीइतके मोठे झाले नाहीत आणि मुख्याध्यापक मध्यापासून डावीकडे सरकले, पण उजवीकडे सर्वजण होते. दोन्हींची प्रुफे काढून सरांच्या हाती दिली, आणि त्यांनी ती, निर्णय न देता, समितीपुढे ठेवण्यासाठी पिशवीत घातली.

समितीतील एक बाई, त्याच शाळेच्या जुन्या विद्यार्थिनी, दुसरे प्रुफ घेऊन आल्या. शिपायाच्या आकृतीभोवती त्यांनी पेन्सिलीने गोल केला होता आणि बाजूला लिहिले होते, ‘हे राहू द्या.’ मी म्हटले, “ठेवते, पण मग खाली नाव हवं. सतरा जणांची नावं आणि अठरावा मुका, असं पान मी लावणार नाही.” नाव त्यांना आठवत नव्हते, सगळे त्यांना मामा म्हणत एवढेच आठवत होते. शाळेच्या दप्तरात जुनी वेतनपत्रके होती, त्यांत वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट ते मिळाले, आणि चार दिवसांनी सरांनी स्वहस्ताक्षरात मला कळवले. ‘उजवीकडे, उभे’ या शब्दांनिशी ते नाव घातले तेव्हा यादी चार ओळींवरून पाच ओळींवर गेली, पानाचा खालचा समास सुटेना, म्हणून चित्राची वरची कड एक शिरोरेषा खाली आणली. तेवढी कौले कमी झाली.